अकरावा नग

“साहेब, तुमच्या कागदातला एक नग खोटा निघालाय.”

सकाळचे साडेदहा वाजले होते. सांगलीत, बँकेच्या मागच्या खोलीत बसून मी एका बाईंच्या पाटल्या कसाला लावत होतो. फोन मलकापूरहून होता, कराडला चिकटून असलेल्या मलकापूरहून. बोलणारे गृहस्थ सोनार होते, नाव भास्करराव. आमची ओळखदेख काही नव्हती. माझा नंबर त्यांना माझ्याच एका कागदावर सापडला होता, सहीखालच्या रबरी शिक्क्यात.

“कुठला कागद?” मी विचारलं.

“चांदी, नग अकरा, एकूण वजन दोनशे सतरा ग्रॅम. सही तुमची हाय. मुशीत घालायच्या आधी मी दर नगाला कानस लावून बगतो. धा नग चोख. अकराव्याला कानस मारली तर आत पिवळं. वरनं चांदीचं पाणी, आत पितळ. म्हणलं आधी तुमाला कळवावं. उद्या माझ्यावर नको यायला.”

अकरावा नग खोटा आहे हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. मी जागचा उठलो तो ‘मुशीत’ या शब्दानं.

“थांबा,” मी जवळजवळ ओरडलोच. “काही घालू नका. कोणी आणलीय ही चांदी?”

“आनंदराव बोटवाल्यांची मंडळी हितं बसल्यात. देऊ का फोन?”

पुढचं सांगण्याआधी माझा धंदा सांगतो, नाहीतर माझी चूक कळायची नाही. मी व्हॅल्युअर आहे. सोनंतारण कर्ज देण्याआधी दागिना खरा आहे का, वजन किती, त्यात शुद्ध धातू किती, हे बँकेला लिहून देणारा माणूस. शुद्धतेला आम्ही टच म्हणतो. आमच्या छापील फॉर्मवर तीनच रकाने : नग, वजन, टच. खाली एक ओळ कायमची छापलेली : ‘घडणावळ, नक्षी व जुनेपणा यांची किंमत धरलेली नाही.’ पणजीची नथ असो नाहीतर काल घेतलेली चेन, फॉर्मला दोन्ही सारखीच. सव्वीस वर्षं मी हा फॉर्म भरतोय.

आणि मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. ते मला कोणी समजावून सांगायला नको. आम्ही विट्याकडचे, घरचा धंदा गलाईचा. मोडीचे दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं काम. वडिलांचं दुकान कोइमतूरला होतं. तिथं लहानपणी मी ओंजळी ओंजळी जुनी नाणी मुशीत जाताना पाहिली आणि त्यातूनच मला नाण्यांचं वेड लागलं. बँकेचं काम संपल्यावर लोकांची जुनी नाणी बघून देतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं म्हणायला मला जागा नाही.

फोनवर शालनवहिनी आल्या. आनंदरावांच्या पत्नी.

“भावजी, ते टाकाला चांदी घातली वो. प्रवीणचा टाक करायचाय. पुढल्या बुधवारी वर्सश्राद्ध हाय त्याचं.”

टाक म्हणजे देव्हाऱ्यातली चांदीची छोटी पत्री, तिच्यावर देवाची मूर्ती उठवलेली असते. घरातला पुरुष अकाली गेला तर त्याचाही टाक करून देवांच्या ओळीत बसवायची रीत आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. फौजेतला असेल तर घोड्यावर बसलेला वीर. प्रवीण हा त्यांचा एकुलता मुलगा. फौजेत गाडी चालवायचा. मागच्या वर्षी वर बर्फात त्याची गाडी दरीत गेली. घोड्यावर तो जन्मात बसला नव्हता.

“वहिनी, आनंदरावांना विचारलंत का?”

“इचारलं की. दवाखान्यात हायत चार दिस, छातीत कफ झालाय. म्हणलं, टाकाला घरातली चांदी घालू का? म्हणलं, ‘घाल.’ अन् भितीकडं तोंड केलं. प्रवीणचं नाव काडलं की तसंच करत्यात. मग मी त्यांचा डबा काडला. वर तुमचा कागद व्हता. चांदी लिवलंय, शिक्का हाय. म्हणलं, भावजींनी बगितलंय म्हंजी काय बगायचं न्हाई.”

“घरात दुसरी चांदी नाही का? किंवा बाजारातून…”

“इकत आणलेली चालत न्हाई वो. सासूबाई सांगायच्या, इकतच्या चांदीत माणूस येत न्हाई. करंडा, अत्तरदाणी म्या कवाच मोडली, ह्यास्नी ठावं न्हाई. दुसरी म्हंजी माझी जोडवी. ती कशी काडू, ते हायत तवर?”

तिथं मी दोनच वाक्यं बोलायला हवी होती. वहिनी, ती नुसती चांदी नाही, ती नाणी आहेत. मोडू नका. पण पलीकडं भास्करराव खोटा नग हातात घेऊन उभे होते, आणि माझ्या दोन वाक्यांनंतर पहिला प्रश्न तोच आला असता, हा खोटा कुणी आणला. त्याचं उत्तर मला फोनवर द्यायचं नव्हतं.

“मी येतो,” मी म्हणालो. “तोवर मुशीत काही घालू नका.”

“का वो?”

“आल्यावर सांगतो.”

“मग बारा चाळीसच्या आत या. नंतर अमुशा लागती. गुरुजी म्हणलं, अमुशेत टाकाची चांदी आटवायची न्हाई.”

मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो.

“साहेब, मला आत्ता निघावं लागेल.”

“आत्ता? बाहेर तीन पार्टी बसल्यात.”

“अर्जंट आहे.”

“कोणी सीरियस आहे का?”

काय सांगणार? “नाही, तसं नाही,” म्हणालो.

“मग एवढ्या पाटल्या करून जा. ऑडिट सुरू आहे, कागद अर्धा ठेवू नका.”

कागद अर्धा ठेवू नका. मी खाली बसलो आणि पाटल्यांचा फॉर्म पुरा केला. पंचवीस मिनिटं गेली. एका परक्या बाईच्या पाटल्यांचा कागद मी त्या दिवशी अगदी नगागणिक, अक्षर काढून भरला.

आनंदराव पाटणकडचे. तरुणपणी मुंबईला गेले, गोदीत लागले आणि तिथून मालवाहू बोटीवर, इंजिन रूममध्ये फिटर म्हणून. तीस वर्षं ते दर्यावर होते, म्हणून गावात त्यांचं नाव बोटवाले. बोटीवरची बाकी माणसं बंदरात उतरली की घड्याळं नि सेंट घ्यायची. आनंदराव जुन्या बाजारात जायचे. मनिलात एका भंगारवाल्याकडं त्यांना पहिलं नाणं मिळालं आणि माणूस त्यातच अडकला.

ही नाणी स्पेनच्या राजाची. मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया असल्या मुलखांवर त्याचं राज्य असताना तिथल्या खाणीतली चांदी जागच्या जागी ठोकून केलेली. चांदीच्या पट्टीचा छिन्नीनं तुकडा पाडायचा, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा, मग तो दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा घालायचा. एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला राजाची ढाल नाहीतर दोन खांब आणि खाली समुद्राच्या लाटा. गोल एकही नाही. मोडलेल्या बिस्किटासारखी दिसतात. इंग्रजीत त्यांना कॉब म्हणतात. ही चांदी जहाजांतून आपल्या किनाऱ्यालाही पुष्कळ यायची, पण इथं ती वितळवून तिचे रुपये पाडले जायचे. त्यामुळं आपल्याकडं अशी नाणी औषधालासुद्धा सापडत नाहीत. पाटणच्या खोऱ्यात पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात अशी दहा असावीत, हे मी स्वतः बघेपर्यंत मला खरं वाटलं नव्हतं.

“मशीनचं नाणं म्हंजी नट-बोल्ट,” आनंदराव म्हणायचे. “हजार काडा, हजार सारखं. ह्येच्यावर घाव दिसतो, अन् घाव घालणारा बी दिसतो. ह्यो बगा, ह्याचा हात घसरला. त्या दिशी दमला आसंल.”

एवढं माझ्याशी बोलायचे. घरात मात्र एक अक्षर नाही. घरात सांगितलं की गावात दवंडी, असं त्यांचं मत. बायकोला त्यांनी तीस वर्षांत एवढंच सांगितलं होतं की डब्यात चांदी आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला गावी बोलावलं. म्हणाले, माझ्यामागं पोराला कळावं काय हाय ते, कागद करून द्या. प्रवीण तेव्हा सुट्टीवर आला होता. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. प्रवीण डब्यातलं एकेक नाणं काढून माझ्या हातात द्यायचा, मी वजन करायचो, बघायचो, तो मोबाईलवर फोटो काढायचा. माझ्या मनात रीतसर यादी होती : नाणं कुठल्या टांकसाळीचं, कुठल्या राजाचं, ठसा कसा उठलाय, कोपरा कुठं छाटलाय. दहा झाली. मग अकरावं त्यानं डब्यातून नाही, स्वतःच्या खिशातून काढलं.

“ह्यो माजा,” तो हसत म्हणाला. “दिल्लीत घेतला, पहिल्या पगारात. आबांच्यात नव्हता असला.”

मी ते हातात घेतलं आणि मला लगेच कळलं. चार ग्रॅम हलकं. कडेनं साच्याची शिवण. अंगावर बारीक बारीक खड्डे, जे ठोकलेल्या नाण्यावर येत नाहीत, ओतलेल्यावर येतात. कुठल्या तरी कारखान्यात केलेली नक्कल. मी मान वर केली. समोर बाप आणि लेक, दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते.

“छान आहे,” मी म्हणालो.

आता यादी नगागणिक केली तर अकराव्यापुढं ‘नक्कल’ लिहावं लागणार. खरं लिहिलं तर पोराचं तोंड उतरणार, खोटं लिहिलं तर माझ्या सहीला काय अर्थ? मी पिशवीतून बँकेचा कोरा फॉर्म काढला आणि एकाच ओळीत सगळं उरकलं. चांदी. नग अकरा. एकूण वजन दोनशे सतरा. टच अंदाजे नव्वद. अकराही नाणी एकाच ढिगात घातली की त्यातलं एक खोटं दिसत नाही.

“सविस्तर यादी पुढच्या खेपेला देतो,” मी म्हणालो. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. जाताना वहिनींनी दिलेला काकवीचा डबासुद्धा घेऊन आलो.

पुढची खेप झाली ती प्रवीणच्या तेराव्याला. माणसं पांगल्यावर आनंदरावांनी मला गोठ्याकडं नेलं.

“आता हे कुणाला ठिवू?” ते म्हणाले. “साताऱ्याला प्रवीणच्या कॉलेजात इचारलंय. ते म्हणलं, काचेचं कपाट करू, वर त्याचं नाव घालू. पन यादी मागत्यात. तेवडी यादी करा आता.”

“करतो,” मी म्हणालो.

एक अख्खं वर्ष मी ‘करतो’ म्हणालो. दोनदा त्यांचा फोन आला, दोनदा मी ऑडिटचं कारण दिलं. खरं कारण अकरावा नग. पोराच्या नावाच्या कपाटात पोरानंच आणलेलं खोटं नाणं, आणि त्यापुढं ‘नक्कल’ हा शब्द माझ्या अक्षरात. आधी अवघड होतं, आता अशक्य वाटायला लागलं. तिसरा फोन आलाच नाही. वहिनींना या कपाटाचं काही माहीत नव्हतं. आनंदराव म्हणाले होते, “तिला न्हाई सांगितलं. म्हणंल, पोराला कपाटात कोंडतोय.”

हे सगळं त्या दिवशी गाडी चालवताना डोक्यात फिरत होतं. अकरा वाजून गेले होते. सांगली ते पेठ हा रस्ता ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगू! त्यात उसाचा सीझन. आष्ट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. माणसं शांतपणे रस्त्यावरचा ऊस गोळा करत होती. मी दहा मिनिटं हॉर्न वाजवला. एकानं मला कांडं सोलून दिलं, म्हणाला, “खा गड्या, घाई करून काय होतंय?”

पेठ नाक्यावर पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. भास्कररावांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. वहिनींना लावला, त्यांचा फोन पिशवीच्या तळाशी असतो. मी हायवेला लागलो. धंद्यातल्या माणसाला मी काय सांगून ठेवलं होतं? ‘थांबा’ एवढंच. का थांबायचं ते सांगितलं असतं तर कुठलाही सोनार अमावस्या सोडा, ग्रहण लागलं तरी थांबला असता.

मलकापुरात दुकानात शिरलो तेव्हा माझ्या घड्याळात बारा बावन्न झाले होते. आत सवागीचा, धातू आटवताना घालतात त्या खाराचा, वास होता. भास्करराव टॉवेलनं कपाळ पुसत होते. लोखंडी साच्यात चांदीची कांब पडली होती, हाताची वीतभर, अजून वाफाळणारी. ती नाणी तीन-चारशे वर्षं टिकली, दोन महासागर ओलांडून आली, आणि माझ्या पंचवीस मिनिटांत संपली.

“बारा पस्तीसला घातली,” भास्करराव म्हणाले. “बाई म्हणल्या, मुहूर्त टळतोय. चांदी काय बेस्ट हाय हो साहेब! आसली आता मिळत न्हाई.”

वहिनी बाकावर बसल्या होत्या. चेहरा इतका निवांत मी त्यांचा वर्षात पाहिला नव्हता.

“आलासा व्हय भावजी? लय वाट बगितली. तुमी काय सांगणार व्हता?”

मी कांबीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. आता सांगून काय मिळणार होतं? त्या बाईला जन्माचा घोर, एवढंच.

“काही नाही,” मी म्हणालो. “त्या खोट्या नगाबद्दलच.”

“त्यो बगा की. कुणीतरी ह्यास्नी फसवलं आसंल कुठल्या तरी देशात. टाकात खोट चालत न्हाई, म्हणून बाजूला काडला. टाकून द्या त्यो.”

टेबलावर अकरावा नग पडला होता. कडेला कानशीचा एक पिवळा ओरखडा. मी तो खिशात टाकला आणि कराडला दवाखान्यात गेलो.

जनरल वॉर्ड होता. आनंदराव खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते, पाठीशी दोन उशा. नाकाला ऑक्सिजनची नळी. मला बघून बरं वाटलेलं दिसलं.

“यादी आणली व्हय?” त्यांनी विचारलं.

मी स्टुलावर बसलो. सरळ सांगायचं असं ठरवून आलो होतो, तरी सुरुवात सापडेना.

“वहिनींनी टाकाला चांदी दिली.”

“सांगत व्हती. दिऊ दे. करंडा दिला आसंल, नायतर आईच्या अत्तरदाणीचा भाग पडलाय.”

“तुमचा डबा दिला.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. हात चादरीवर होते ते तसेच राहिले. सिस्टर आली, सलाईनचा थेंब बघितला, वहीत काहीतरी लिहिलं, गेली.

“समदी?”

“दहा.”

“पोतोसीचा बी?”

पोतोसीचं, म्हणजे बोलिव्हियातल्या टांकसाळीचं, नाणं त्यांचं सगळ्यांत लाडकं. त्यावरचे खांब आणि लाटा अख्ख्या उठल्या होत्या. बोटीवर असताना ते बॉयलर सूटच्या खिशात ठेवायचे.

“तो पण.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर पार्किंगमध्ये रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. मी बोलत सुटलो. तुमच्या डब्यात माझा कागद होता, त्यावर नुसतं चांदी लिहिलं होतं, वहिनींचा काही दोष नाही, सोनाराचाही नाही. फोन आला तेव्हा मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

“तिला कळलंय?” त्यांनी मध्येच विचारलं.

“नाही.”

“कळू दिऊ नका. तिनं पोराला घरात आणलंय. आता त्याला भायेर काडायचा न्हाई.”

मी खिशातून अकरावा नग काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. “हा राहिला.”

त्यांनी कानशीच्या ओरखड्यावर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

“आनंदराव, हा प्रवीणनं आणलेला… मी तेव्हा बोललो नाही, पण हा…”

“खोटा हाय,” ते म्हणाले.

मी स्टूल जवळ ओढलं.

“तीस वर्सं धातूत हात घातलेला माणूस मी. पोरानं हातात दिला तवाच कळलं. वजनच न्हवतं. पन त्याचं त्वांड बगितलं का तुमी तवा? म्हणून म्या गप बसलो.”

“मी पण म्हणूनच…”

“म्हणून यादी केली न्हाई?”

मी मान हलवली. त्यांनी नग चादरीवर ठेवला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“आवं, पोराला चा आणाय धाडायचं की,” ते हळू म्हणाले. “माझ्या कानात सांगायचं. म्या म्हणलं असतं, धा लिवा. अकराव्याम्होरं नुसतं लिवायचं, पोरानं दिला. त्यात काय खोटं व्हतं?”

दोन वर्षं आम्ही दोघं जण एकाच पोराला जपत होतो, एकमेकांना न विचारता. पोर गेल्यावरही मी ते जपणं सोडलं नाही.

“कागद हाय?” त्यांनी विचारलं.

माझ्या पिशवीत बँकेचे फॉर्म कायम असतात. एक काढला, उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले.

“लिवा. एक. पोतोसी. खांब दोनी अख्खं, लाटा तीन, खालचा डावा कोपरा छाटलेला. पेरूच्या कॅल्लाव बंदरात घेतला. दोन. मेक्सिको. क्रूस तिरका, ढालीवर दोनदा घाव पडलाय, म्हणून शिंव्ह दोन दिसत्यात. तीन. मनिलाचा, पयला. त्येच्यावर कायबी दिसत न्हाई, नुसता क्रूस. चार…”

चौथ्याला खोकला आला. बराच वेळ आला. मी पाणी दिलं.

“चार, ल्हान. चार रेआलचा, मोठ्याच्या निम्मा. भोक पाडलंय, कुणीतरी गळ्यात घातला आसंल. पाच…” ते थांबले. डोळे मिटले. “पाच म्होरं येत न्हाई. डबा उघडला न्हाई वर्सात. हातात घेतला की आठवतं वो. तुमी सांगा म्होरचं. तुमी बी बगितल्यात.”

दहाही नाणी माझ्या हातांतून गेली होती. भिंगाखाली बघितली होती. मी आठवायला लागलो. सव्वीस पॉइंट चार. सव्वीस पॉइंट एक. तेरा पॉइंट दोन. सहा पॉइंट सहा.

मला फक्त वजनं आठवत होती.

“फोटो?” मी विचारलं. विचारतानाच लक्षात आलं.

“प्रवीणच्या फोनात व्हतं,” ते म्हणाले. तो फोन त्याच्याबरोबर दरीत गेला होता.

शेवटी म्हणाले, “अकरावा लिवा.” तो त्यांनी उजेडात धरून पूर्ण सांगितला. शिवण, खड्डे, पितळ, कानशीचा ओरखडा, सगळं. कुठल्याही खऱ्या नाण्याचं इतकं बारीक वर्णन त्यांनी कधी केलं नव्हतं. “कुठनं आला, त्या रकान्यात लिवा, पोरानं दिला. पयल्या पगारात.” मी लिहिलं.

बुधवारी वर्षश्राद्धाला मी गेलो. आनंदराव घरी आले होते, दम लागत होता तरी पाटावर बसले. टाक देव्हाऱ्यात बसवला. घोड्यावरचा वीर, हातात तलवार, मागं चांदीची प्रभावळ. वहिनींनी पदराच्या टोकानं तो पुसला आणि ‘आलास रं बाबा’ म्हणाल्या. त्यांच्या जावेनं त्यांना धरलं.

आनंदरावांनी टाक हातात मागून घेतला. पाठ उलटी करून बघितली, कडेवरून नख फिरवलं.

“हातानंच ठोकलाय न्हवं?” त्यांनी मला विचारलं. “मशीनचा न्हाई?”

“हातानंच. ठशावर.”

त्यांनी मान हलवली आणि टाक वहिनींच्या हातात परत दिला. कॉलेजला मी कळवलं की नाणी मिळणार नाहीत. त्यांनी कारण विचारलं नाही. यादी न आल्यामुळं कपाट केव्हाच दुसऱ्या कुणाच्या ढाली-चषकांना दिलं होतं. आनंदराव त्या पावसाळ्यात गेले. वहिनी रोज टाकाला हळदीकुंकू लावतात. सणाला मी गेलो की मला आग्रहानं दाखवतात आणि म्हणतात, “तुमचा कागद व्हता म्हणून धाडस केलं भावजी.” मी नमस्कार करतो.

धंद्यातल्या नव्या पोरांना मी आता एवढंच शिकवतो की वस्तू समोर असेल तेव्हाच तिची यादी करा, आणि एका ओळीत दोन नग कधी लिहू नका. ते हो म्हणतात आणि त्यांना घाई असते.

दवाखान्यात केलेली ती यादी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तिच्यावर शिक्का मारता येत नाही, नसलेल्या मालाला देता येत नाही तो. पहिल्या चार ओळी आणि अकरावी पूर्ण आहेत. मधल्या सहा ओळींत वजनं बरोबर भरलेली आहेत. बाकीचे रकाने कोरे आहेत.